सहीपेक्षा पाकीट जपा

वादग्रस्त पुढाऱ्यांची सहीची पत्रं आणि सही केलेले फोटो जमवणाऱ्यावर आपल्याकडे चटकन शिक्का बसतो. कपाटात इंदिरा गांधींचं पत्र निघालं की तो आणीबाणीवाला, सावरकरांचं निघालं की हिंदुत्ववाला, आणि दोन्ही निघाली की धंदेवाला. हिटलरची सही निघाली तर विचारायलाच नको. त्यावर संग्राहकाचं उत्तरही ठरलेलं असतं, "हा इतिहास आहे हो." एवढं बोलून तो कपाट लावून घेतो. कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, मोबाईलवरच्या गटांत हा वाद असाच चालतो आणि दोन्ही बाजू तो वाईट चालवतात. एका बाजूला जवळ बाळगणं म्हणजे पूजा वाटते. दुसरीला वाटतं, जवळ बाळगलं की इतिहास आपोआप जपला जातो. माझं म्हणणं असं की हे कागद जपलेच पाहिजेत, कितीही नकोशा माणसाचे असोत. पण त्यांची किंमत सहीत नाही. तो कागद कुणी, कुणाला, कधी आणि कशासाठी लिहिला, याच्या पुराव्यात आहे. तो पुरावा फेकून नुसती सही ठेवणाऱ्याचा बचाव करायला मी तयार नाही.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजू पोकळ नाही, हे आधी मान्य करू. चित्रात किती दारू भरलेली असते हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. जून २०२३ मध्ये मोबाईलच्या स्टेटसवर ठेवलेल्या औरंगजेबाच्या आणि टिपूच्या चित्रांवरून शहर बंद झालं, दगडफेक झाली, इंटरनेट थांबवावं लागलं. एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणानंतर उसळलेल्या दंगलीत ज्यांचं माणूस गेलं, त्यांनी त्याच पुढाऱ्याचा हसरा, सही केलेला फोटो शेजाऱ्याच्या बैठकीच्या खोलीत का सहन करावा? "तिकडे बघू नका" हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. फ्रेम करून टांगलेला फोटो घरात येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी सांगत असतो, मालकाच्या मनात तसं नसलं तरी. म्हणून अशा नेत्याचा सहीचा फोटो भिंतीवर लावू नये, या मताचा मी आहे. संग्राहकानेही लावू नये.

पण मग माप सगळीकडे एकच लावा. वाढदिवस आला की चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. वर नेत्याचा भलामोठा फोटो, खाली कार्यकर्त्यांचे पाचपन्नास. त्या फ्लेक्सखालून रोज जाणाऱ्या शहरात उदात्तीकरण होतं ते फायलीतल्या पिवळ्या पडलेल्या पत्रामुळे? फ्लेक्स काही दिवसांत उतरतो आणि पुढे कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातो. त्या नेत्याने कुणाला काय शब्द दिला होता, कुणाची बदली रोखली होती, कुणासमोर हात जोडले होते, यातलं काहीही त्यावर नसतं. पत्रात असतं. म्हणूनच पुढारी स्वतः फ्लेक्सला घाबरत नाहीत, जुन्या पत्राला घाबरतात.

इथे कुणीतरी विल्सनच्या पुतळ्याचा दाखला देईल, आणि तो द्यायलाच हवा. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचा पुतळा कोल्हापुरात उभा होता. बेचाळीसच्या चळवळीच्या काळात तो विद्रूप केला गेला आणि १९४५ मध्ये त्या जागी शिवछत्रपतींचा अर्धपुतळा बसला. त्याबद्दल आज कुणाला खंत नाही, असण्याचं कारणही नाही. मग पुतळा फोडला ते योग्य आणि सहीचा फोटो जपायचा, हे कसं? फरक जागेचा आहे. चौकातला पुतळा सत्तेने लादलेला असतो. जाणाऱ्या-येणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. पेटीतला कागद कुणाच्या वाटेत उभा राहत नाही. विल्सनचा पुतळा गेल्याने आपलं काही अडलं नाही. पण त्याच भरात रेसिडेन्सी, म्हणजे संस्थानातल्या इंग्रज प्रतिनिधीची कचेरी, आणि दरबार यांच्यातला पत्रव्यवहार जाळला गेला असता, तर इंग्रजांनी संस्थानाच्या नाड्या कशा आवळल्या होत्या हे आज कशाच्या आधाराने सांगितलं असतं? जुलमाची साक्ष बहुतेक वेळा जुलूम करणाऱ्याच्याच दप्तरात सापडते. औरंगजेबाचंच घ्या. मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या हालचालींच्या तारखा लावताना यदुनाथ सरकारांना आणि सेतुमाधवराव पगडींना मोगल छावणीतल्या अखबारांचा, म्हणजे दरबारी बातमीपत्रांचा, मोठा आधार झाला. शत्रूचे कागद म्हणून ते कुणी चुलीत घातले असते, तर तोटा औरंगजेबाचा झाला असता की संताजी-धनाजींचा?

शिवाय वादग्रस्त हे विशेषण फार चंचल आहे. वेदोक्त प्रकरणात, १९०१ च्या सुमारास, पुण्यातल्या वजनदार मंडळींच्या लेखी वादग्रस्त होते ते शाहू महाराज; टिळकांनी 'केसरी'तून त्यांच्याविरुद्ध लिहिलं. रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा आदेश निघाला, तेव्हा तर विचारू नका. आणि टिळक? १९०८ नंतर सरकारच्या दफ्तरी राजद्रोहाचे कैदी. त्या काळच्या एखाद्या सज्जन गृहस्थाने "घरात वादग्रस्त माणसांचे कागद नकोत" असं ठरवलं असतं, तर त्याने या दोघांपैकी एकाला तरी बंबात घातलं असतं, सावध असता तर दोघांनाही. शाहू महाराजांची पत्रं टिकली आणि पुढे खंडांतून छापली गेली, म्हणून त्यांच्याबद्दल बोलताना आपल्याला आख्यायिकांवर भागवावं लागत नाही.

मूळ कागदाचा आणखी एक गुण असा की तो कोणत्याच छावणीच्या पूर्ण सोयीचा नसतो. २० मे १९८० रोजी इंदिरा गांधींनी स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाच्या सचिवांना सहीचं पत्र पाठवलं. सावरकरांनी ब्रिटिश सरकारला दिलेल्या आव्हानाचा त्यात गौरव आहे, जन्मशताब्दीच्या बेतांना शुभेच्छा आहेत. आजच्या काँग्रेसवाल्याला ते गिळवत नाही. सावरकरांनी नोव्हेंबर १९१३ मध्ये अंदमानातून केलेला सुटकेचा अर्ज सावरकरप्रेमींना गिळवत नाही. बाळासाहेब देवरसांनी ऑगस्ट १९७५ मध्ये येरवडा तुरुंगातून इंदिरा गांधींना लिहिलेलं पत्र संघाच्या स्वयंसेवकाला गिळवत नाही. तिन्हींच्या अर्थावरून भांडण आहे आणि ते राहील. डावपेच होता, शरणागती होती, सौजन्य होतं, काय ते मांडत बसा. पण असं काही लिहिलंच नव्हतं, असं म्हणायची सोय कुणालाही उरलेली नाही. एवढं काम दुसऱ्या कशाने झालं असतं? आणि हेच कागद मोबाईलवर फिरतात तेव्हा बघा: अर्धे कापलेले. कधी तारीख उडालेली, कधी पुढचा परिच्छेद.

हिटलरबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण वादात शेवटचा बाण तोच असतो. १६ सप्टेंबर १९१९ रोजी, तो अजून लष्कराच्या नोकरीत असताना, गेमलिख नावाच्या माणसाला त्याने टंकलिखित पत्र लिहिलं. ज्यूंना पूर्णपणे हटवणं हे अंतिम ध्येय असलं पाहिजे, असं त्यात सहीनिशी म्हटलं आहे. ज्यूद्वेषावरचं त्याचं हे सर्वांत जुनं ज्ञात लेखन. २०११ मध्ये हे पत्र दीड लाख डॉलरला विकत घेतलं गेलं. कुणी घेतलं? सायमन विझेन्थल सेंटरने. नाझी गुन्हेगारांचा माग काढण्यात ज्या माणसाने आयुष्य घातलं, त्याच्या नावाच्या संस्थेने. ते लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात लोकांना बघण्यासाठी ठेवलं गेलं. २०१९ मध्ये म्युनिचच्या लिलावात हिटलरची टोपी आणि इतर वस्तू निघाल्या, तेव्हा लेबनॉनमध्ये जन्मलेल्या एका उद्योजकाने सुमारे सहा लाख युरो मोजून त्या घेतल्या, नवनाझींच्या हाती पडू नयेत म्हणून, आणि इस्रायलकडे दिल्या. ज्या जर्मनीला याची सर्वांत जास्त लाज आहे तिथला कायदाही नाझी चिन्हं चारचौघांत मिरवायला बंदी करतो. संशोधन, शिक्षण आणि कलेसाठी मात्र अपवाद ठेवतो. आपल्याकडचे बंदीवाले जर्मनीचं उदाहरण देतात ते अर्धंच देतात.

पैशाचा आक्षेप मात्र खराच आहे, आणि संग्राहक त्याला नेहमी बगल देतात. कुप्रसिद्धीला बाजारात भाव असतो. ज्याने जास्त माणसं मारली त्याची सही जास्त महाग, हा हिशेब किळसवाणा आहे, तो कोणत्याही युक्तिवादाने सोज्वळ होत नाही. सही विकणं हा प्रकार तसा नवा नाही. गांधीजी हरिजन निधीसाठी सहीचे पाच रुपये घेत. पण तिथे पैसा कुठे जातो हे देणाऱ्याला ठाऊक होतं. म्हणून मी एवढीच अट घालेन: हयात पुढाऱ्याची, त्याच्या पक्षाची किंवा त्याच्या नावाच्या कुठल्या निधीची झोळी ज्या खरेदीने भरते ती करू नये. जुन्या कार्यकर्त्याच्या घरातून, रद्दीतून, वारसांकडून येणाऱ्या कागदाला ही अट लागत नाही. आणि निम्म्या वेळा विकत घ्यायची गरजच नसते. मालकाच्या घरी बसून नीट फोटो काढून घेतला, पाकिटाच्या दोन्ही बाजूंसह, तर अभ्यासाचं काम भागतं. ज्याचं त्यावर भागत नाही, त्याला कागद हवा होता की ताबा, हे त्याने स्वतःला विचारावं.

आता संग्राहकांकडे वळतो, कारण माझा राग त्यांच्यावर जास्त आहे. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनचे कागद संपादनासाठी जेरेड स्पार्क्स या विद्वानाच्या हाती सोपवले होते. अध्यक्ष म्हणून पहिल्या भाषणासाठी केलेला पण वाचलाच न गेलेला लांबलचक मसुदा त्यात होता. स्पार्क्सने तो कापला आणि वॉशिंग्टनचं हस्ताक्षर हवं असणाऱ्यांना तुकडे वाटून टाकले. अभ्यासकाची ही कथा, तर हौशी माणसाकडून काय अपेक्षा करणार? आपल्याकडेही सही तेवढी कापून वहीत डिंकाने चिकटवायची आणि बाकीचं पत्र रद्दीत, हे होतं. पाकीट तर सरसकट फेकलं जातं. पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याने तारीख आणि गाव पक्कं होतं, आणि पत्राखाली "२ तारीख" एवढंच लिहिलेलं असेल तर दुसरा आधारच नसतो. पत्राला लावलेली टाचणी काढताना जोडपत्र वेगळं होतं आणि "सोबतचा अर्ज पाहावा" या वाक्याला अर्थ उरत नाही. असं केल्यावर इतिहास जपला म्हणायचं?

बाजाराने तर सगळं उलटं करून ठेवलं आहे. फोटोवर कोरी सही असेल तर तिला जास्त भाव. "सप्रेम भेट" लिहून खाली कुणाचं नाव, गाव आणि तारीख असेल तर कमी, कारण ते नाव पुढच्या गिऱ्हाइकाचं नसतं. अभ्यासाच्या दृष्टीने नेमकी नाव घातलेली प्रत मोलाची. नेता अमुक साली कोणत्या गटाच्या माणसाला "सप्रेम" लिहीत होता, हे तीच सांगते. पक्ष बदलला की भिंतीवरचा फोटो उतरतो, मागची तारीख राहते. म्हणून सहीच्या फोटोपेक्षा पत्राची बाजू मी जास्त जोराने घेतो. सही केलेला कोरा फोटो पुराव्यापेक्षा मूर्तीच्या जवळचा, आणि तेवढ्यापुरता आक्षेप घेणाऱ्यांचा संशय रास्त आहे.

आणि मुळात सही खरी तरी आहे का? या प्रश्नाने वादातली बरीच हवा निघून जाते, कारण ज्या सहीवरून माणसं हमरीतुमरीवर येतात ती अनेकदा छापील असते. पहिलं हत्यार भिंग, दहापट मोठं दाखवणारं; कोल्हापूरच्या गुजरीतले सराफ डोळ्याला लावतात तसलं. छापील सहीत रेघेऐवजी ठिपके दिसतात किंवा शाई कागदावर एकसारखी सपाट बसलेली दिसते. दिवाळीच्या आणि नववर्षाच्या शुभेच्छापत्रांवरच्या सह्या बहुतेक अशाच. रबरी शिक्क्याची शाई रेघेच्या कडांना साचते, आणि रेघ रेघेला ओलांडते तिथे कोणती वरून गेली हे कळत नाही. बॉलपेनची खरी सही कागदात खाच पाडते. कागद उलटा करून उजेड तिरका टाकला की ती उठून दिसते. फाउंटन पेनमध्ये खाली येणारी रेघ जाड आणि वर जाणारी बारीक होते. सही करणाऱ्या यंत्राचा, ऑटोपेनचा, वापर अमेरिकेत चाळिसाच्या दशकापासून आहे आणि केनेडींच्या नावाची कितीतरी पत्रं त्या यंत्राने सही केलेली आहेत. त्याची खूण म्हणजे सगळीकडे सारखा दाब, सुरुवातीला आणि शेवटी शाईचा ठिपका, आणि दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या तर तंतोतंत जुळणं. हाताने केलेल्या दोन सह्या कधीही तंतोतंत जुळत नाहीत. जुळल्या तर आनंद मानू नये.

सहीनंतर कागद बघायचा, आणि खोटेपणा बहुधा इथेच उघडा पडतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. १९६८ ची तारीख असलेल्या लेटरहेडवर सहा आकडी पिन छापलेला असेल तर तपास तिथेच संपला. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं, त्याआधीच्या पत्रावर "महाराष्ट्र शासन" येणार नाही. बॉलपेन जगाच्या बाजारात चाळिसाच्या दशकात आलं. टिळक १९२० मध्ये गेले. तरीही टिळकांची बॉलपेनमधली सही विकायला काढणारा भेटला तर आश्चर्य नको. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कागद धरावा. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी मिसळलेली द्रव्यं निळसर चमकतात. १९८३ मध्ये जर्मनीतल्या 'स्टर्न' साप्ताहिकाने ९० लाखांहून अधिक मार्क देऊन घेतलेल्या हिटलरच्या रोजनिशा अशाच उघड्या पडल्या. कागदात युद्धानंतरचं द्रव्य निघालं. त्या प्रकरणातली दुसरी गोष्ट जास्त शिकवणारी आहे. हस्ताक्षरतज्ज्ञांनी तुलनेसाठी जे नमुने वापरले, त्यांतले काही त्याच बनवाबनवी करणाऱ्याने तयार केलेले होते. म्हणजे खोट्याला खोट्याची साक्ष. तुलनेचा नमुना नेहमी स्वतंत्र वाटेने आलेला हवा. विकणाऱ्यानेच दिलेला चालत नाही. आणि कागद चमकला नाही म्हणून पत्र अस्सल ठरत नाही, कारण जुन्या वह्यांची कोरी पानं रद्दीत हवी तेवढी मिळतात.

एक प्रकार राहतो, स्वीय सहायकाने केलेली सही. मोठ्या नेत्यांच्या बाबतीत हे सर्रास असतं आणि संग्राहक असा कागद हिरमुसून टाकून देतात. का टाकायचा? शिवकालीन पत्र चिटणिसाच्या हातचं असतं, वर मुद्रा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' हा समाप्तीचा शिक्का. आजच्या अर्थाची सही त्यावर नसतेच, तरी आपण ते महाराजांचंच मानतो. सहायकाची सही असलेलं पत्र कार्यालयाच्या निर्णयाचा पुरावा म्हणून राहतं. "सही सहायकाची असावी" एवढं पेन्सिलीने नोंदवहीत लिहिलं की झालं. खरी म्हणून विकलं तर मात्र ती फसवणूक.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या घरांत या दृष्टीने सोनं पडून आहे, आणि ते सोनं दिसायला फारच सामान्य आहे: शिफारसपत्रं. कारखान्यात चिकटवून घ्या, डी.एड.ला प्रवेश द्या, बदली पन्हाळ्याऐवजी करवीरमध्ये करा, गॅसची जोडणी, फोन लवकर मिळावा. आमदार, खासदार, मंत्री, कारखान्याचे अध्यक्ष यांच्या सह्यांची ही दोन ओळींची पत्रं कुणी फ्रेम करत नाही. पण सहकाराचं राजकारण चालत कसं होतं, कोणत्या गावाला कोण धरून होतं, हे जाहीरनाम्यांपेक्षा यांतून कळतं. जावक क्रमांक बघावा. एकाच कार्यालयाच्या दोन पत्रांचे जावक क्रमांक आणि तारखा शेजारी मांडल्या की आठवड्याला तिथून किती पत्रं बाहेर पडत होती याचा अंदाज येतो. ज्या नेत्याला आज भ्रष्ट म्हणतात किंवा देव म्हणतात, त्याचा कारभार मोजायला हे साधन आहे. ते वापरताना अर्जदाराचं नाव, पत्ता, जात, आजारपण झाकून दाखवायचं. झाकायचं ते छायाप्रतीवर. मूळ कागदावर काळी शाई फिरवणारा संग्राहक बंदीवाल्यांइतकाच नासधूस करणारा.

कायद्याचं थोडक्यात. ज्या पत्रावर सरकारी कार्यालयाचा आवक शिक्का, टिपणी आणि फाईलचं भोक आहे, ते बहुधा फायलीतून बाहेर पडलेलं असतं. ते विकत घेऊ नये. सार्वजनिक अभिलेखांसाठी केंद्राचा १९९३ चा कायदा आहे, महाराष्ट्राचा वेगळा आहे. ७५ वर्षांहून जुनं ऐतिहासिक मूल्याचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. असा कागद परदेशी गिऱ्हाइकाला टपालाने पाठवणं हा गुन्हा, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा राहतो, मृत्यूनंतरही बरीच वर्षं. त्यामुळे संपूर्ण पत्र छापण्याआधी विचारावं लागतं.

जपणुकीत आपल्याकडे सर्वांत मोठा शत्रू पाऊस. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ती वरच असते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या तर रंग बदलला की तापवून कोरड्या करायच्या, नाहीतर त्या नुसत्या शोभेच्या. पारदर्शक पिशवी पॉलिएस्टरची घ्यावी. पीव्हीसीची पिशवी काही वर्षांनी चिकट होते आणि सहीची शाई स्वतःवर ओढून घेते. चिकट पानांचे अल्बम आणि सेलोटेप वर्ज्य. लॅमिनेशन तर कधीच नको. कळकळीने केलं जातं, पण तापवून चिकटवलेला थर पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत पिवळा होत जातो. नोंद करायची तर फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने, दाब न देता. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, दुधाळी भागात तळमजल्यावर संग्रह ठेवणं म्हणजे तो नदीला देऊन टाकणं. तरीही भिजलाच तर उन्हात टाकू नये, इस्त्री फिरवू नये. दोन दिवसांत बुरशी सुरू होते, म्हणून मेणकागदात वेगवेगळे करून फ्रीजरमध्ये ठेवावे आणि मग सावकाश एकेक हाताळावा. एकमेकांना चिकटलेले फोटो पाण्यात सोडून सोडवतात, पण सहीच्या फोटोला तो उपाय करू नये. रॉयल ब्लू शाई पाण्याबरोबर निघून जाते.

शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप: हे सगळं खासगी माणसांनी का करावं? पुराभिलेखागार आहे, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. कागद तिथे द्यावेत. तत्त्वतः मान्य. अंतिम मुक्काम तोच असावा. पण सरकारी दप्तरखाना सरकारी कागद सांभाळायला असतो. १९८४ सालचं बदलीचं शिफारसपत्र गोळा करायला तो कुणाच्या दारात येत नाही. आणि एकाच जागी ठेवलेला कागद किती सुरक्षित असतो? २१ जून २०१२ रोजी मंत्रालय पेटलं. ८ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर याच भागात वाडे पेटवले गेले, कोल्हापुरात जयप्रभा स्टुडिओ जळाला, आणि घरांबरोबर घरांतली दप्तरंही गेली. त्या दप्तरांत कुणाची पत्रं होती, कुणाच्या बाजूची आणि कुणाच्या विरोधातली, हे आता विचारायलाही आधार उरलेला नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली ती काही सरकारी हुकमाने नव्हे. वाट पाहिली असती तर निम्मी वाण्याकडे पुड्या बांधायला गेली असती.

तेव्हा खासगी संग्रह हा मधला टप्पा मानावा आणि तो सोपवायची तयारी पहिल्या दिवसापासून करावी. प्रत्येक कागदाला क्रमांक द्यावा आणि वहीत एक ओळ लिहावी: कुणाकडून कधी आला, किती पानं, पाकीट आहे का, सही हाताची की शंकास्पद, काय फाटलं आहे. देताना संस्थेला आधी विचारावं, दानपत्र करावं, क्रमांकवार यादीवर पोच घ्यावी, आणि अभ्यासकाला कागद बघू द्यावा ही अट लेखी घालावी. आवडत्या नेत्याची अडचणीची पत्रं वगळून बाकीचा संग्रह देणारे असतात. यादी आधीपासून असली की ती चोरी लपत नाही. यादीची एक प्रत संस्थेत, एक घरात, आणि तिसरी अशा ओळखीच्या माणसाकडे असावी ज्याला त्या पुढाऱ्याचा मनापासून तिटकारा आहे, कारण ओळ न् ओळ तपासायचे कष्ट तोच घेईल.